पाणी लहान होत नाही

नाशिकमध्ये बसून गोदीचं मॉडेल बांधायचं म्हटलं की पहिला टोमणा ठरलेला: ‘अहो, पण समुद्र कुठाय?’ तो हसून सोडून देता येतो. त्यापुढचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा चांगली शिकलेली माणसं विचारतात. सव्वा मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद प्लायवूडच्या फळीवर मी मुंबईच्या जुन्या गोदीचा एक कोपरा उभा केलाय. दगडी धक्का, त्यावर रूळ, एक क्रेन, गोदामाची भिंत, मालगाडीच्या चार चाकांच्या आठ वाघिणी (डबे) आणि त्यांना ढकलणारं एक छोटं डिझेल इंजिन. पाण्याच्या जागी हिरवट-करड्या रंगावर चकचकीत वार्निशचे हात. ‘एवढं सगळं केलंत, मग पाणी खरं का नाही घातलं? पत्र्याचा ट्रे बसवला असता की!’

खऱ्या पाण्यापेक्षा खरं काय दिसणार, असं आपल्याला वाटतं. पण या फळीवर सर्वांत खोटं दिसेल ते खरं पाणीच. का, ते सांगायला हा लेख.

माझं मॉडेल एचओ मापाचं आहे, म्हणजे खऱ्याच्या १/८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. (भारतीय ब्रॉडगेजचं १६७६ मिलिमीटर या मापात १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं, म्हणजे इथेच लबाडी सुरू झाली. बाजारात तयार रूळ १६.५चेच मिळतात, काय करणार.) गोदी निवडण्याचं कारण जागा. भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण सहसा देत नाहीत. ते ८७ने भागलं तरी दोन मीटर होतात, फ्लॅटच्या हॉलमध्ये वळवणार कुठे? गोदीत मात्र सगळं आखडतं घेतलेलं असतं, लहान इंजिन, तुटक सायडिंग (बाजूचे रूळ), पाव तासात चार वेळा मागेपुढे. मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे १९१५मध्ये सुरू झाली, त्याच्या आदल्या वर्षी अलेक्झांड्रा डॉक उघडला होता. आज आपण त्याला इंदिरा डॉक म्हणतो. जहाजाच्या कुशीपर्यंत वाघीण नेऊन लावायची, एवढंच त्या रेल्वेचं काम.

खेळ म्हणूनही गोदी भारी. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज मॉडेलकाराने मांडलेलं ‘इंगलनुक’ हे शंटिंगचं, म्हणजे वाघिणी मागेपुढे ढकलून हव्या तशा लावण्याचं कोडं आहे: तीन सायडिंग, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. आठांपैकी पाच वाघिणी सांगितलेल्या क्रमाने जोडून द्यायच्या. असे क्रम होतात ८×७×६×५×४ म्हणजे ६७२०. रोज एक सोडवला तरी अठरा वर्षं पुरेल. पण हे झालं गणित. माझा जीव अडकलाय तो भौतिकशास्त्रात.

मॉडेल करताना आपण लांबी ८७ने भागतो. त्यासोबत क्षेत्रफळ ८७च्या वर्गाने भागलं जातं आणि वजन ८७च्या घनाने, म्हणजे साधारण साडेसहा लाखांनी. वीस टनांची वाघीण मापात तीस ग्रॅमची होते. क्रेनचा अर्ध्या टनाचा आकडा होतो पाऊण ग्रॅमचा. आकडा एवढा हलका असल्यावर शिवणाचा दोराही सरळ लोंबत नाही. रिळावर असताना पडलेला पीळ तसाच राहतो आणि आकडा बाजूला तोंड करून लटकतो. मी शेवटी आकड्याच्या पोटात शिशाची गोळी कोंबली.

आता खरी गंमत. लांबी लहान केली, वजन आपोआप लहान झालं, पण गुरुत्वाकर्षण? ते माझ्या फळीवरही तेवढंच: पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. ते कोणत्याही दुकानात १/८७ मापात मिळत नाही. खऱ्या गोदीत क्रेनच्या दहा मीटर दोराला लोंबणारी पेटी एक झोका पूर्ण करायला ६.३ सेकंद घेते, म्हणून ती जड वाटते. माझा दोर साडेअकरा सेंटिमीटरचा, झोका ०.६८ सेकंदाचा. पेटी झुलत नाही, थरथरते. दहा मीटरवरून सुटलेलं पोतं जमिनीवर यायला १.४ सेकंद लागतात, मॉडेलमध्ये ०.१५. दोन्हीकडे गुणोत्तर एकच, सव्वानऊच्या आसपास. ८७चं वर्गमूळ ९.३. म्हणजे लांबी ८७ पट आकसली तर गुरुत्वाकर्षणाच्या हातात असलेला काळ ९.३ पटच आकसतो. डोळ्याला नेमकं हेच खटकतं, फक्त काय खटकलं ते सांगता येत नाही.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृती टाकीतून ओढून हाच नियम वापरात आणला: वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्या, मग लहान जहाजाच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या उठतात. आपल्याकडे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरांची मॉडेलं याच हिशेबाने करतं. आणि दिंडोरी रोडवरची आपली ‘मेरी’, म्हणजे १९५९ची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, ती धरणांच्या सांडव्यांची मॉडेलं करते. रोज त्या स्टॉपवर उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल, की आत १/५० मापाच्या सांडव्यावर सात तासांचा पूर तासाभरात उरकता येतो? ५०चं वर्गमूळ सातच्या जरा वर, बस.

मग मी वार्निशऐवजी पाणी घालून फ्रूडचा नियम का पाळत नाही? कारण पाण्याला गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसराही मालक आहे: पृष्ठताण. मोठ्या लाटेला खाली ओढून सपाट करतं ते गुरुत्वाकर्षण, बारीक तरंगाला पृष्ठताण. दोघांची सत्ता बदलते ती १.७ सेंटिमीटर तरंगलांबीला. त्याहून मोठी लाट जास्त वेगाने जाते, आणि (इथे जरा दमाने घ्या) त्याहून लहानही जास्तच वेगाने जाते. म्हणजे पाण्यावर सर्वांत सावकाश चालणारा तरंग १.७ सेंटिमीटरचा, आणि त्याचाही वेग सेकंदाला २३ सेंटिमीटर. याच्या खाली पाण्याचा तरंग जाऊच शकत नाही. आता ८७ने गुणा. माझ्या धक्क्याला दीड मीटर लांबीच्या लाटा ताशी ७२ किलोमीटरने धडकतील! खऱ्या समुद्रात दीड मीटरची लाट ताशी साडेपाच किलोमीटरने जाते, माणूस चालतो तशी. शिवाय पाणी भिंतीला चिकटून दोनेक मिलिमीटर वर चढतं, म्हणजे मापात सतरा सेंटिमीटरची वळलेली कड. एक थेंब सांडला तर फुटबॉलपेक्षा मोठा गोळा. मेरीतली मॉडेलं खोलीएवढी मोठी का करतात, याचंही उत्तर यातच आहे. लहान केली की पृष्ठताण आणि चिकटपणा येऊन हिशेब बिघडवतात.

टेबलावर ठेवायचा विजेवरचा धबधबा कधीच धबधबा वाटत नाही, तो याचमुळे. तो ईशान्येला ठेवला की घरात पैसा वाहतो असं वास्तुवाले सांगतात. वाहते ती पंपाची वीज, बिल घरमालकाला.

रुळांवरही हेच. शंटिंगमध्ये वाघिणीला ढकलून मधेच सोडून द्यायची पद्धत आहे, लूज शंटिंग म्हणतात. ती करू नये अशी सूचना काही वाघिणींवर रंगवलेलीच असते. ताशी ५ किलोमीटरने सोडलेली वाघीण, घर्षण वजनाच्या एक-पंचमांश टक्का धरलं, तर पन्नास मीटर घरंगळत जाते. मापाने माझी ५६ सेंटिमीटर जायला हवी. पण मापातला वेग होतो सेकंदाला १६ मिलिमीटर, आणि थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं. घर्षण तेवढंच कमी ठेवलं तरी ती साडेसहा मिलिमीटर जाईल. प्लास्टिकच्या खोबणीत फिरणाऱ्या आसाचं घर्षण दहा पट धरा, मग अर्ध्या मिलिमीटरच्या जरा पुढे. म्हणजे सोडली की उभी.

इंजिनाच्या बाबतीत यावर इलेक्ट्रॉनिक उपाय आहे. आतली चिप मोटरचा पुरवठा क्षणभर तोडते. फिरती मोटर तेवढ्यापुरती जनित्र होते, तिने दिलेला उलटा विद्युतदाब मोजला की वेग कळतो, कमी वाटला तर विजेचे पुढचे ठोके लांब करायचे. चिपमधल्या सीव्ही-३ आणि सीव्ही-४ या दोन सेटिंगांच्या आकड्यांनी वेग वाढण्या-घटण्याचा रेंगाळ ठरवता येतो, आणि पाव किलोचं इंजिन शंभर टनांचं सोंग छान वठवतं. वाघिणीत मात्र मोटर नाही, चिप नाही. तिला सोंग येत नाही.

पण फ्रूडला शरण गेलात तर एक वाट निघते, आणि ती तुमच्या खिशात आहे. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. २४च्या गतीने दाखवला की काळ दहा पट ताणला जातो, आपल्याला हव्या ९.३च्या अगदी जवळ. जुन्या सिनेमांत प्रतिकृती जहाजं बुडवताना कॅमेरा जोरात फिरवायचे तो हाच हिशेब. मात्र गाडीही त्याच पटीत जोरात चालवायची: १६ मिलिमीटर नव्हे, सेकंदाला १५ सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांना ती पिसाटल्यासारखी दिसते. व्हिडिओत क्रेनची पेटी एकदम टनभराची होऊन झुलायला लागते, सांध्यावरून जाताना वाघीण डुलते.

घर्षणाची दहा पट तेवढी उरते. वाघीण ५६ऐवजी साडेपाच-सहा सेंटिमीटरच जाते. चाकांना पितळी बेअरिंग बसवून ती थोडी पुढे सरकली, पण पुरेशी नाही. मग सायडिंगखाली पुठ्ठ्याची पाचर सरकवली: ५६ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार. जास्तीचं घर्षण तेवढ्याने जवळजवळ फिटतं आणि उभी वाघीण आपणहून निघतही नाही. कुठल्याही गोदीचे रूळ असे उतरते नसतात हे मान्य. पण आपल्या कसारा घाटात मुख्य लाइन ३७ला एक चढते. ५६ला एक हा उतार त्याच्यापुढे किरकोळ, आणि शेजारी गोदामाची भिंत उभी केली की कॅमेऱ्याला दिसतही नाही.