झाकण घट्ट का बसतं आणि जार ओपनर नेमकं करतो काय

गोव्यात माशेलला माझी आत्या एकटी राहते, वय वर्षं 74, आणि मागच्या जुलैमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा ओट्यावर बरण्यांची रांग लागलेली, दुकानातला जॅम, व्हिनेगरमधल्या मिरच्या, मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याची बेगमी करायच्या) वेळी तिनेच घातलेलं मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, आणि लिंबाचं लोणचं, आणि त्यातलं एकही उघडलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "आता हातांत जोर नाही गो, कोण आलं की उघडून घेते." मी हायस्कूलला सायन्स शिकवते, आणि हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं नाहीये. म्हणजे वयाने जोर कमी होतो हे खरंच, पण झाकण न उघडण्याचा सगळा दोष हाताचा नसतो. झाकण कशाने अडलंय हे कळलं तर बरंचसं काम तिथेच झालं.

तर आधी दुकानातला जॅम घेऊ.

कारखान्यात जॅम बाटलीत भरतात तो गरम असतानाच, साधारण 85 अंशाला वगैरे, आणि लगेच झाकण लावतात. वरच्या मोकळ्या जागेत त्यावेळी हवा थोडी आणि पाण्याची वाफ भरपूर असते. बाटली थंड झाली की वाफेचं पाणी होतं आणि उरलेली हवा आकसते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या निम्म्यापेक्षाही कमी होऊ शकतो, यालाच व्हॅक्यूम म्हणतात. बाहेरची हवा मात्र दर चौरस सेंटीमीटरला जवळपास 1 किलो या हिशोबाने दाबतच असते. 70 मिलीमीटरचं नेहमीचं झाकण घेतलं तर काचेच्या तोंडाच्या आतलं क्षेत्रफळ येतं 33 चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे फरकाचा हिशोब केला तर झाकणावर 10 ते 20 किलोचा भार! ओट्यावरच्या बाटलीवर कोणीतरी तांदळाची पिशवी ठेवलीय आणि आपण त्या पिशवीखालचं झाकण फिरवायला बघतोय, असं समजा.

आतला दाब असा कमी मुद्दाम ठेवलेला असतो, कारण हवा आत गेली की माल खराब होतो. उकळून, हवाबंद करून अन्न टिकवायची पद्धत फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी बसवली, 1810 मध्ये सरकारने त्यांना 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं, आणि मजा म्हणजे अन्न त्यामुळे का टिकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, जंतूंचं कारण पाश्चर यांनी दाखवलं ते कितीतरी वर्षांनी. अपेर यांच्या बाटल्यांना बूच असायचं. काचेला आटे आणि त्यावर फिरकीचं झाकण हे पेटंट अमेरिकेतल्या जॉन मेसन यांचं, 1858 सालचं.

आता जॅमचं झाकण उलटं करून बघा, त्याला मेसनसारखे पूर्ण आटे नसतात, कडेला चार-सहा टोकं आत वळवलेली असतात आणि वर मऊ प्लास्टिकची गोल पट्टी असते. काचेची कड त्या पट्टीत रुतून बसते, आणि बाटली महिनोन्महिने दुकानात पडून असली की आणखी रुतते. म्हणजे हवेचा दाब हे पहिलं कुलूप आणि रुतलेली पट्टी हे दुसरं.

पण आत्याचं मिस्कूट? ते तर तिने थंडच भरलं होतं, तिथे हवेचा दाब कमी व्हायचा प्रश्नच नाही. तरी ते झाकण सगळ्यात जास्त घट्ट होतं!

इथे आपला गोव्याचा पावसाळा येतो. साध्या मिठाचा एक गुण असा आहे की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आर्द्रता खाली आली की परत त्याचे खडे होतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता त्या रेषेच्या वरच असते. लोणचं काढताना चमचा कडेला लागतो, खारं पाणी आट्यांवर ओघळतं, तिथून ते पातळ होऊन अगदी बारीक फटीत शिरतं आणि मग उघाड पडली किंवा गणपतीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की तिथेच खडे होऊन बसतं. शिवाय झाकण पत्र्याचं असेल आणि आतलं कोटिंग कुठे खरचटलं असेल तर मीठ आणि आंब्याचा आंबटपणा मिळून गंज धरतो, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आटे अक्षरशः पाचर मारल्यासारखे आवळले जातात. मुरंबा असेल तर साखरेचा पाक सुकून तोच गोंद होतो. हे तिसरं कुलूप, आणि याचा व्हॅक्यूमशी काहीही संबंध नाही.

(आजीच्या चिनीमातीच्या बरण्यांना हा त्रास नव्हता, वर दादरा बांधला की झालं, ना आटे ना पत्रा. तेल आणि मीठ हेच तिथे राखण करायचे.)

आता हाताकडे येते, आणि इथे आकडे बघाच, मी स्वतः कागदावर मांडले तेव्हा मला आत्याचं दुखणं नीट कळलं. घट्ट बाटली उघडायला 4 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो असं धरू, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, लावलेलं बल गुणिले मध्यापासूनचं अंतर. झाकणाची त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे कडेवर साडेअकरा किलोच्या आसपास जोर लागला पाहिजे. पण तो जोर झाकणापर्यंत पोचतो फक्त घर्षणातून! हात निसटू नये म्हणून आधी झाकण दाबून धरावं लागतं, आणि किती दाबायचं ते घर्षणांकावर ठरतं, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात त्या आकड्यावर. कोरड्या हाताचा पत्र्यावर घर्षणांक 0.4 धरला तर अंगठा एका बाजूने आणि बोटं दुसऱ्या बाजूने प्रत्येकी साधारण 15 किलोने दाबली पाहिजेत. हात ओला किंवा तेलकट असला आणि घर्षणांक 0.2 वर आला की तेच 30 किलो होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मुठीचा जोर साधारण 20-22 किलो असतो, तोही सोयीची मूठ वळून, इथे तर पंजा पूर्ण फाकवून धरायचंय आणि आत्याला अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. म्हणजे बहुतेक वेळा फिरवायचा जोर संपायच्या आधी पकडच सुटते.

म्हणून सगळ्यात साधा जार ओपनर कुठला, तर रबराचा तुकडा. कोरड्या स्वच्छ पत्र्यावर रबराचा घर्षणांक सहज 0.8 च्या आसपास जातो, म्हणजे 15 किलोचं काम 7 किलोवर आलं. दुकानात सिलिकॉनची गोल चकती मिळते ती हेच करते, पण सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आणला, धुतला, वाळवला, तरी काम तेच होतं, भांडी घासायचा रबरी हातमोजाही चालतो. फक्त झाकण आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मध्ये तेल आलं की रबराची सगळी ताकद गेली.

दुसरा प्रकार पट्ट्याचा, मला स्वतःला हा सगळ्यात सुंदर वाटतो. लांब दांडा आणि त्याला रबरी पट्टा, पट्टा झाकणाभोवती घालायचा, ओढायचा आणि दांडा फिरवायचा. गॅरेजमध्ये ऑइल फिल्टर काढायला असतो तोच हा. यात दोन गोष्टी एकदम होतात. दांड्यावर हात मध्यापासून 15 सेंटीमीटरवर गेला की साडेअकरा किलोच्या जागी पावणेतीन किलो पुरतो, ही झाली तरफ. आणि दुसरं म्हणजे वेढा. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर लागताना कधी बघितलंय का, एवढी मोठी बोट ओढ घेत असते आणि एक माणूस खुंट्याला दोरीचे दोन वेढे देऊन नुसतं टोक हातात धरून उभा असतो. वेढा वाढला की घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं, घर्षणांक 0.4 असेल तर एका पूर्ण वेढ्याला एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या 12 पट पेलता येतो, दोन वेढ्यांना 150 पट. हे गणित गणितज्ञ ऑयलर यांच्या नावाने ओळखलं जातं. आपला पट्टाही तसाच, जितकं ओढाल तितका स्वतःच आवळतो, हाताने दाबून धरायची गरजच राहत नाही. संधिवात असलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

तिसरा, शेल्फच्या खाली स्क्रूने बसवायचा इंग्रजी व्ही सारखा, आत बारीक दात असलेला. झाकण त्या खाचेत सरकवायचं आणि दोन्ही हातांनी बाटली फिरवायची, फिरवू तसं झाकण खाचेत पाचरीसारखं घट्ट धरलं जातं. झाकण धरायचं काम हाताकडे राहतच नाही, आणि लहानमोठं कुठलंही झाकण त्यात बसतं. एका हाताला अर्धांगवायूचा त्रास असेल तर यासारखं दुसरं काही नाही, एकाच हाताने उघडता येतं. पक्कडीसारखे, चाप आवळायचे पण असतात, पण ते आवळायलाच मुठीचा जोर लागतो, मग फायदा काय, मला ते पटले नाहीत.

आणि चौथा म्हणजे फिरवायच्या भानगडीत न पडणारा. छोटीशी प्लास्टिकची तरफ असते, तिचं नख झाकणाच्या कडेखाली घालायचं, टेकू झाकणावर, आणि हलकेच वर उचलायचं. कड केसभर उचलली गेली की टक आवाज होतो, हवा आत शिरते, झाकणावरची ती तांदळाची पिशवी कोणीतरी उचलून नेल्यासारखी जाते आणि झाकण दोन बोटांनी फिरतं. चमच्याच्या दांड्यानेही जमतं. सुरीने मात्र कधीच करू नका, सुरी निसटते ती सरळ बाटली धरलेल्या हातात जाते.

पण ही तरफ आत्याच्या मिस्कुटावर काडीचीही चालली नाही! चालणारच नव्हती, तिथे उचलायला पिशवीच नाही. तिथे कुलूप मिठाचं. म्हणून आधी झाकण बघायचं, मधला भाग खाली दबलेला असेल, दाबल्यावर हलत नसेल, तर आत व्हॅक्यूम आहे, तरफ घ्या. घरी भरलेलं, कडेला पांढरं किंवा तांबूस काही दिसतंय, तर बरणी उलटी करून फक्त झाकण कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. मीठ आणि साखर दोन्ही पाण्यात विरघळतात, बस. मग कोरडं करून रबर.

गरम पाण्याबद्दल सगळे सांगतात की पत्रा फुगतो म्हणून झाकण सुटतं. फुगतो हे खरं, काचेपेक्षा थोडा जास्तच, पण किती ते बघा, 70 मिलीमीटरचं झाकण 40 अंशांनी तापवलं तर वाढतं साधारण 0.03 मिलीमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि काचही थोडी तापतेच. गरम पाण्याचा खरा उपयोग मला वाटतो तो असा की साखर-मीठ विरघळतं, मऊ पट्टी आणखी मऊ होते आणि आतली हवा-वाफ तापून व्हॅक्यूम थोडा उतरतो. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर उकळतं पाणी ओतू नका, साधी काच एकदम तापली की तडकते.

फ्रीजवरून आठवलं, कोमट असतानाच झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलं की घरीही छोटा व्हॅक्यूम तयार होतो. नुसती हवा 30 अंशांवरून 5 वर आली तरी दाब 8 टक्क्यांनी उतरतो, झाकणावर पावणेतीन किलो. मुरंबा चांगला गरम भरून बंद केला तर कारखान्यासारखंच होईल.

आणि झाकण वर फुगलेलं दिसलं तर? मग घट्ट-सैल हा विषयच नाही, आत वायू तयार झालाय. दुकानातली बाटली असेल तर ती उघडायची नाही, चाखायची तर मुळीच नाही, टाकून द्यायची. बॉट्युलिझमचं, म्हणजे हवाबंद अन्नात वाढणाऱ्या एका जंतूचं, विष चवीला कळत नाही.

हाताची एक गोष्ट राहिली. झाकण उजव्या हाताने उघडताना बोटांवर करंगळीच्या बाजूला ढकलणारा जोर येतो, आणि संधिवातात बोटं त्याच बाजूला वाकत जातात. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं त्रास न होता कशी करायची ते शिकवणारे) सांगतात की डाव्या हाताने उघडा आणि उजव्याने बंद करा, तेव्हा जोर अंगठ्याच्या बाजूला जातो. आत्याला सवय व्हायला आठवडा लागला. आणि बाटली हवेत न धरता ओल्या फडक्यावर, सिंकमध्ये, खाली ठेवून धरायची, म्हणजे दुसऱ्या हाताचं अर्धं काम ओटाच करतो.

आता तिच्या खिडकीच्या खिळ्याला पट्ट्याचा ओपनर आणि सायकल ट्यूबचा तुकडा लटकलेला असतो, तरफ ड्रॉवरमध्ये. मिस्कूट त्याच दिवशी उघडलं, कोमट पाणी आणि ट्यूब, तिने स्वतःच उघडलं, मी बाजूला नुसती उभी होते. या मेमध्ये भरताना तिने बरणीची कड आणि आटे आधी पुसून घेतले, आट्यांना खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, आणि झाकण दोन बोटांनी लागेल तेवढंच लावलं. डिसेंबरात पहाटे गारठा पडला की खोबरेल गोठतं, ते 24 अंशांच्या खाली घट्ट होतं, तेव्हा बरणी थोडा वेळ उन्हात ठेव असं सांगून ठेवलंय.