माणूस कसा, आणि पाण्याचं काय?

सांगली जिल्ह्यात पारावर उमेदवाराचं नाव निघालं की आधी विचारतात, ‘माणूस कसा हाय?’ आणि लगेच, ‘पाण्याचं काय?’ या दोन प्रश्नांची गाठ जुनी आहे.

२४ जुलै १९४३ला वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पाठलागात दोन साथीदार मारले गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सावकारांना जरब बसवत होतं. धाडस आणि गरिबाच्या पोटाची काळजी इथल्या लोकांनी तेव्हा एकाच माणसात पाहिली. १९५२ला दादा आमदार झाले, पुढे सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढाऱ्याची पारख वजनकाट्यावर होऊ लागली. काटा खरा का? ऊसतोड वेळेवर येते का? उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, असं केंद्राचा १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते थकले की गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज थकतं, पोरीचं लग्न पुढं जातं. ज्याच्या घरी हे घडलंय, त्याला संचालकाचा स्वभाव वेगळा आणि बिल वेगळं असं सांगून पटत नाही.

माझ्या मते यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण नागनाथअण्णा नायकवडींचं. अण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे. तिथला हुतात्मा साखर कारखाना त्यांनी उभा केला. स्वतःच्या भागाला पाणी असताना त्यांनी आटपाडीला पाणी परिषद घेतली आणि दुष्काळी तालुक्यांसाठी वर्षानुवर्षं लढले. टँकरमागे घागर घेऊन धावणाऱ्या बाईला याहून मोठा चारित्र्याचा दाखला कुठला हवा?

अंजनीचे आर. आर. पाटील तासगावातून १९९०पासून सलग सहा वेळा निवडून आले, त्यातही साधेपणाचा वाटा मोठा होता. २००३पासून उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रात येतात, पण ते कागद पारावर फारसे पोचत नाहीत.

लोकसभेला २०१४ आणि २०१९मध्ये भाजपचे संजयकाका पाटील जिंकले. २०२४ला दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले. काहींनी त्यात घराणं पाहिलं, काहींनी पक्षाची नाराजी. दुष्काळी पूर्व भागातला शेतकरी मात्र प्रचाराच्या दिवसांतही सकाळी उठून आधी म्हैसाळ उपसा योजनेच्या कालव्यावर जातो आणि पाणी कुठवर आलंय ते बघतो.