अल्फाफोल्ड ३ चे मॉडेल हवे आहे? पात्रता, अर्ज आणि अटी

प्रथिनांसारख्या जैव-रेणूंच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड ३ या एआय मॉडेलचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळतो. पण प्रथिनांची रचना स्वतःच्या संगणकावर काढायची तर प्रशिक्षित मॉडेलचे ‘वेट्स’ (प्रशिक्षणातून ठरलेले आकडे) लागतात आणि ते गूगल डीपमाइंड या कंपनीकडे अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत.

ही सोयसुद्धा सहजासहजी झालेली नाही. मे २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने या मॉडेलचा शोधनिबंध छापला तो कोडशिवाय. मग निकाल पडताळायचे कसे, असा जाब विचारणाऱ्या खुल्या पत्रावर हजाराहून अधिक जणांनी सह्या केल्या. त्यानंतर कंपनीने सहा महिन्यांची मुदत जाहीर केली आणि ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोड खुला केला.

अर्ज कोण करू शकतो?
विद्यापीठे, संशोधन संस्था, ना-नफा संस्था, सरकारी संस्था यांच्याशी संलग्न असलेले संशोधक. काम बिगर-व्यावसायिक हवे. प्राध्यापक असलात तरी एखाद्या औषध कंपनीच्या वतीने काम करत असाल तर या अटीत बसत नाही. उद्योगाबरोबर संयुक्त प्रकल्प चालू असेल तर करारपत्र आधी संस्थेच्या कायदा विभागाला दाखवा. अडचण बहुधा इथेच येते.

अर्ज कसा करायचा?
गिटहबवरील अल्फाफोल्ड ३ च्या पानावर फॉर्मची लिंक आहे. खासगी ई-मेलऐवजी संस्थेचा पत्ता द्यावा, म्हणजे संलग्नतेबद्दल शंका राहत नाही. दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देण्याचा प्रयत्न करू, असे कंपनी म्हणते. मंजुरी मात्र सर्वस्वी तिच्या मर्जीवर. अर्जाआधी यंत्रसामग्रीही तपासून घ्या: लिनक्स, एनव्हिडियाचे तगडे जीपीयू (वेगवान आकडेमोडीची चिप) आणि डेटाबेससकट सुमारे १ टीबी जागा.

कशाला होकार देता?
वेट्स संस्थेबाहेर कोणालाही द्यायचे नाहीत. मिळालेल्या रचना वापरून अशाच प्रकारचे दुसरे मॉडेल प्रशिक्षित करायचे नाही. वैद्यकीय सल्ल्यासाठी निकाल वापरायचे नाहीत. संस्था सोडून जाणारा विद्यार्थी फाइल पेनड्राइव्हवर सोबत नेतो, तेव्हा पहिली अट मोडलेली असते.

हे कुंपण जैवसुरक्षेपेक्षा, म्हणजे घातक जैविक पदार्थ बनवण्यासाठी होणारा गैरवापर रोखण्यापेक्षा, व्यापारी हितासाठी जास्त आहे, असे मला वाटते. त्याच नोव्हेंबरमध्ये एमआयटीच्या संशोधकांनी बोल्ट्झ-१ हे तशाच धाटणीचे मॉडेल वेट्ससकट खुले केले, तेही व्यावसायिक वापराच्या परवानगीसह. कंपनीत काम करणाऱ्यांनी तिकडेच वळावे. अल्फाफोल्ड सर्व्हर हे डीपमाइंडचे संकेतस्थळ स्वतःकडे वेट्स नसतानाही वापरता येते, पण तेही बिगर-व्यावसायिक वापरापुरतेच.

जैवसुरक्षेची खरी चौकी शास्त्रज्ञांनी दुसरीकडे सुचवली आहे. मार्च २०२४ मध्ये प्रथिन-रचनाकारांनी (नवी प्रथिने घडवणाऱ्या शास्त्रज्ञांनी) स्वतःहून एक जाहीरनामा काढला. नोबेल विजेत्या फ्रान्सेस आर्नल्ड आणि त्याच वर्षी पुढे नोबेल मिळालेले डेव्हिड बेकर यांची नावे त्यावर आहेत. अशी प्रथिने प्रत्यक्ष बनवण्यासाठी लागणारा कृत्रिम डीएनए मागवायचा तो मागणीची सुरक्षा तपासणी करणाऱ्या पुरवठादाराकडूनच, हे त्यातले सर्वांत ठोस वचन. संगणकावरची रचना प्रयोगशाळेत नेणार असाल, तर ऑर्डर देण्यापूर्वी पुरवठादाराला या तपासणीबद्दल लेखी विचारून घ्या.