नवस फळला नाही तरी

खानदेशात देवाशी बोलायच्या दोन तऱ्हा जुन्या आहेत. एक नवसाची. पोर होऊ दे, कापूस पिकू दे, मग सप्तशृंगीच्या गडावर पायी येईन. चैत्रात धुळे-जळगावकडून गडाच्या वाटेला लागणाऱ्यांत असा शब्द फेडणारे पुष्कळ असतात. दुसरी तऱ्हा वारीची, तिथे देण्याघेण्याचा करार नाही. नवस फळला नाही तर पुढे काय, या प्रश्नाची उत्तरं बहुतेक या दुसऱ्या वाटेवर सापडतात, पण तीही गुळगुळीत नाहीत.

मुक्ताबाई 1297 मध्ये तापीकाठी मेहूणला अंतर्धान पावल्याचं परंपरा सांगते. तोवर ज्ञानेश्वर आणि सोपान हे दोन भाऊ समाधिस्थ झाले होते. आईवडिलांनी तर मुलांना समाजानं पदरात घ्यावं म्हणून आधीच देह ठेवला होता. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानेश्वर ताटी, म्हणजे दार, लावून बसले, तेव्हा या धाकट्या बहिणीनं त्यांना समजावलं, असं ताटीचे अभंग सांगतात. जग आगीसारखं झालं तर संतानं पाणी व्हावं, हे तिचं म्हणणं. सगळं ठीक होईल, असं आश्वासन त्यात नाही.

त्यानंतरचा मोठा घाव 1630 च्या दुष्काळाचा. गुजरात, खानदेश, दख्खन सगळीकडे माणसं अन्नावाचून मेली. खानदेश सुभ्याचं ठाणं असलेल्या बुऱ्हाणपुरात तेव्हा शहाजहान मुक्कामाला होता, त्यानं लंगर उघडले. तिकडे देहूत तुकारामांची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली. त्यांनी ते झाकलं नाही, अभंगात लिहिलं. पुढे एकदा तर माझ्या लेखी देव मेला, असंही म्हणून टाकलं. जनाबाईनं विठोबाला शिव्या दिल्या होत्याच. माझ्या मते आपल्या भक्तीचं बळ इथे आहे: रुसायचं, भांडायचं, पण दार सोडून जायचं नाही. दुःखी माणसाला लगेच ‘देवाची इच्छा’ ऐकवणाऱ्यांनी हे अभंग पुन्हा वाचावेत.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) तिसाव्या वर्षी वैधव्य आलं. कपाळावरच्या कुंकवाखाली कर्माची रेघ लपली होती, कुंकू पुसलं आणि ती उघडी पडली, असं त्या गातात. ज्योतिषाला तर दारातच येऊ नको म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पोरं वाढवली, शेत राखलं, आणि तिच्या गाण्यांतला देव शेतातच भेटत राहिला. गाण्यांचं पुस्तक 1952 मध्ये आलं, तिच्या मागे.

मधल्या काळात, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. तिथे विनोबांनी सकाम भक्तीला हिणवलं नाही. काही मागण्यासाठी का होईना, माणूस देवाकडेच येतो, याची त्यांना किंमत वाटत होती.

म्हणूनच ‘नवसे कन्या पुत्र होती, तरी का करणे लागे पती’ या तुकोबांच्या ओळीवर कीर्तनात माना डोलावणारी माणसं श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळतात, याला ढोंग म्हणणं मला पटत नाही. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरीला निघते, तेव्हा मागे शेतं अनेकदा पावसाची वाट पाहत पडलेली असतात. चालणारे पाऊसही मागतात आणि चालतातही.