झरियाची आग : पार्श्वभूमी

झारखंडच्या धनबाद जिल्ह्यात झरियाखालचा कोळसा शंभराहून अधिक वर्षे जळतो आहे. आगीची पहिली नोंद १९१६ सालची. कोळसा आपोआप पेटतो हे खरे, पण या आगीला निसर्गाचा कोप म्हणणे मला पटत नाही.

दामोदर खोऱ्यातली पहिली खाण १७७४ मध्ये राणीगंजला, ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याने सुरू झाली. १८५५ मध्ये तिथवर रेल्वे आली, आणि १८९० च्या दशकात खाणी झरियात पोहोचल्या. इथला कोळसा पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा, कोकिंग जातीचा. त्यामुळे उपशाची घाई फार. भूमिगत खाणीत छत तोलायला कोळशाचेच खांब राखतात आणि रिकाम्या जागेत वाळू भरतात. वाळूला पैसे पडतात. अनेक खासगी मालकांनी ती भरली नाही, वर खांबही कापून नेले. मग पोकळीत हवा शिरते, उघडा कोळसा तापत जातो आणि पेट घेतो.

खाली उतरणाऱ्यांत संथाळ, बाउरी स्त्रिया-पुरुष होते. स्त्रियांना भूमिगत कामावर टप्प्याटप्प्याने बंदी आली होती; महायुद्धाला कोळसा हवा म्हणून १९४३ मध्ये ती उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा घातली. जिवाची काळजीही गरजेनुसार केली गेली.

१९७१ ते ७३ या काळात राष्ट्रीयीकरण झाले. जुन्या आगी सरकारी कंपनीच्या वाट्याला आल्या, पण पुढे उघड्या खाणींवर भर दिल्याने हवेला नव्या वाटा मिळाल्या. २७ डिसेंबर १९७५ रोजी जवळच्याच चासनाला खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार बुडाले.

फायदा कुणाचा झाला, हे आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी विसरू नये. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलादाचे वाहतूक भाडे देशभर समान ठेवले गेले. खाणीजवळ असण्याचा लाभ त्यामुळे झारखंडच्या भूमीला उरला नाही. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना मात्र दूरचे पोलाद महाग पडले नाही.

२००९ मध्ये आग विझवण्याची आणि पुनर्वसनाची योजना मंजूर झाली. २०२५ मध्ये ५,९४० कोटी रुपयांची सुधारित योजना आली. जमिनीचा कागद असलेल्यांना भरपाई, आणि पिढ्यान्पिढ्या राहूनही कागद नसलेले सरकारी भाषेत ‘अतिक्रमणकर्ते’. अनेकांना बेलगडियाच्या वसाहतीत घरे मिळाली, पण तिथे रोजगार नसल्याची त्यांची तक्रार जुनी आहे.