‘सुस्स’ आवाज आला म्हणून रेडिएटर उघडू नका
इंजिनातून ‘सुस्स’ आवाज आला की रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओता, हा सल्ला मुंबईत वर्षानुवर्षं दिला जातो. तो धोक्याचा आहे. दाबाखालचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-मिश्रण) १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते उकळून अंगावर उसळतं. तापमानाचा काटा चढला असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. सायनच्या ट्रॅफिकमध्ये मागचे कितीही हॉर्न वाजवोत!

काटा जागेवर, पण आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली? मग पेट्रोल गाडीत ‘सुस्स’ आवाजामागे बहुधा इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूमचा रबरी पाइप चिरलेला किंवा निसटलेला असतो. तो बदलून घ्या. एसी बंद केल्यावर थोडा वेळ येणारा आवाज मात्र गॅसचा दाब समान होण्याचा असतो.