विश्रामबाग वाडा

पुण्यात बाजीराव रस्त्यावर, तुळशीबागेच्या शेजारी असलेला उत्तर पेशवाईतील वाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास राहण्यासाठी बांधवून घेतला. खर्च सुमारे दोन लाख रुपये आल्याचे सांगितले जाते. नारायणरावाचा खून (१७७३) आणि सवाई माधवरावाचा अपमृत्यू (१७९५) यांमुळे शनिवारवाड्याविषयी बाजीरावाच्या मनात अढी होती आणि त्याने शुक्रवार, बुधवार व विश्रामबाग या वाड्यांतील वास्तव्य पसंत केले, असे सामान्यतः मानले जाते. साहजिकच विश्रामबाग हा तटबुरुजांचा गढीवजा वाडा नसून रस्त्याकडे दर्शनी तोंड केलेले निवासस्थान आहे. वसईच्या तहाने (१८०२) लष्करी रक्षणाची जबाबदारी इंग्रजांकडे गेल्यानंतरची ही वास्तू असल्याने तिच्या रचनेत त्या बदललेल्या सत्तेचीही खूण दिसते.

बांधणी मराठा वाड्याच्या परिचित पद्धतीची, म्हणजे घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि विटांच्या भिंती अशी असून खोल्या तीन चौकांभोवती रचलेल्या आहेत. भार लाकडी सांगाडा पेलत असल्याने चौकाकडच्या बाजू मोकळ्या ठेवता आल्या आणि आतील दालनांना उजेड व वारा मिळाला. वाड्याची खरी ओळख मात्र दर्शनी भागातील मेघडंबरी ही आहे. रस्त्यावर पुढे आलेल्या या सज्जाचे सुरूच्या आकाराचे निमुळते खांब, केळफुलांचे नक्षीकाम आणि महिरपी पाहता पेशवेकालीन सुतारकामाचा इतका चांगला नमुना शहरात क्वचितच आढळेल. पहिल्या मजल्यावर प्रशस्त दिवाणखाना आहे.

१८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर बाजीरावाने पुणे सोडले. पुढे १८२१ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या पुढाकाराने व पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून (विद्वान ब्राह्मणांना द्यायच्या दानाच्या पैशातून) येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. पेशव्यांच्या दानधर्माचा पैसा पेशव्यांच्याच वाड्यात इंग्रजांच्या हातून विद्येवर खर्च व्हावा, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

मे १८७९ मध्ये बुधवारवाडा आणि विश्रामबाग या दोहोंना आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा तो काळ असल्याने संशय प्रथम बंडवाल्यांवर गेला. बुधवारवाडा त्या आगीत नष्ट झाला, तर विश्रामबागेचा पूर्वेकडील जळालेला भाग वर्गणीतून पुन्हा उभारण्यात आला. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीतच गेले होते. त्यामुळे लाकडी सांगाड्यासह उभा असलेला पेशव्यांचा शहरातील मोठा राजवाडा म्हणून विश्रामबागेचे महत्त्व कितीतरी वाढले. पाठशाळेमागोमाग नगरपालिका व टपाल खाते यांची कार्यालये येथे थाटली गेली. या सततच्या वापराने मूळ दालनांत फेरफार झाले हे खरे, पण वाडा ओस पडला नाही, आणि ओस पडलेल्या लाकडी वास्तूचे पुण्याच्या पावसात काय होते हे वेगळे सांगायला नको.

वाडा सध्या पुणे महानगरपालिकेच्या ताब्यात असून संरक्षित वारसा वास्तू आहे. महानगरपालिकेने त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि शहराच्या इतिहासावरील ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन तेथे मांडले.